‘अबाइड विथ मी’ : शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची



जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांच्या घरात अजून टिकून आहेत, त्यांनी पदांच्या डोक्यावर बारीक टाइपात छापलेली ओळ पाहिली असेल. तिथे रागाचे नाव असते, तालाचे असते, आणि पुष्कळदा ‘चाल’ एवढे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या पदाचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पाठोपाठ ‘सौभद्र’. त्यांनी साकी, दिंडी, ओवी, लावणी असे घरचे साहित्य वापरलेच, शिवाय कानडी मुलखातल्या चालीही घेतल्या. चाल आधीची, शब्द नवे. यात कोणाला काही वावगे वाटले नाही, कारण चाल ही वेगळी वस्तू आहे आणि ती एका पदावरून उतरवून दुसऱ्यावर चढवता येते, हे आपल्याकडे गृहीतच होते.

इंग्रजी चर्चमधल्या प्रार्थनागीतांची, म्हणजे ‘हिम’ या प्रकाराची, घडण समजून घ्यायला हा आपला ‘चाल’ शब्द फार उपयोगी पडतो. तिथेही शब्द आणि चाल यांचा जन्म वेगवेगळा होतो. इतका वेगळा, की चालीला स्वतःचे नाव असते. ते नाव गीतातल्या शब्दांवरून येईलच असे नाही. कधी एखाद्या संताचे, कधी गावाचे, कधी चर्चचे नाव चालीला देतात. अभंगात जशी सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरांची मोजणी असते, तशी तिथे प्रत्येक ओळीतल्या अक्षरांची मोजणी आकड्यांत लिहितात : ८-६-८-६, किंवा १०-१०-१०-१०. प्रार्थनापुस्तकाच्या शेवटी या आकड्यांची सूची छापलेली असते. माप जुळले की एका गीताची चाल दुसऱ्याला लावता येते. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जॉन न्यूटनचे गीत १७७९ मध्ये छापले गेले, पण आज जगभर ते ज्या चालीत गातात ती त्याला अमेरिकेत १८३५ साली जोडली गेली. तोवर न्यूटनला जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

आज मला ज्या गीताविषयी बोलायचे आहे त्याचे नाव ‘अबाइड विथ मी’. ‘माझ्यापाशी राहा’ असा त्याचा साधा अर्थ. आपल्यातल्या बहुतेकांनी ते चर्चमध्ये ऐकलेले नाही. जानेवारीच्या अखेरीस संध्याकाळी टीव्हीसमोर बसून, दिल्लीच्या विजय चौकात सैन्यदलांची बँडपथके वाजवत असताना ते आपण ऐकलेले आहे. तेव्हा त्याला शब्द नव्हते, आणि शब्द आहेत हे पुष्कळांना माहीतही नव्हते.

शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट या पाद्र्याचे. (या आडनावाचा उजेडाशी काही संबंध नाही, इंग्रजीत त्याचे स्पेलिंग निराळे आहे.) १७९३ साली स्कॉटलंडमधल्या केल्सो गावाजवळ त्याचा जन्म झाला. बापाने कुटुंब वाऱ्यावर सोडले. मुलगा आयर्लंडमधल्या शाळेत वाढला आणि पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कवितेची बक्षिसे मिळवू लागला. धर्मोपदेशक झाल्यावर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हन परगण्यातल्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या बंदरात त्याचे बहुतेक आयुष्य गेले. त्याचा चर्चसमुदाय म्हणजे समुद्रावर जाणारी माणसे. छाती कमजोर असल्यामुळे तो हिवाळ्यात दक्षिण युरोपात जाऊन राहत असे. १८४७ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने आपल्या चर्चमध्ये शेवटचे प्रवचन दिले. त्याच्या मुलीने पुढे लिहून ठेवले आहे की त्याच दिवशी संध्याकाळी त्याने या गीताचा कागद घरच्या माणसांच्या हाती दिला. मग तो इटलीच्या वाटेला लागला आणि २० नोव्हेंबर १८४७ रोजी आजच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर नीस येथे वारला. तिथेच त्याला पुरले.

गीत त्याच दिवसांत लिहिले की आधी, यावर दोन मते आहेत. दुसऱ्या मतानुसार लाइट तरुण असताना, १८२० च्या सुमारास, आयर्लंडमध्ये एका मरणासन्न मित्राला भेटायला गेला होता. तो मित्र हेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि गीताचे मूळ तिथे आहे. मला दोन्ही गोष्टी एकमेकींना मारक वाटत नाहीत. एखादा शब्द सत्तावीस वर्षे मनात राहतो आणि स्वतःची वेळ आल्यावर कागदावर उतरतो, हे कवीच्या बाबतीत काही अघटित नाही.

पण हा शब्द त्या मित्राचाही नव्हे. तो लूकच्या शुभवर्तमानातला आहे. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाकडे उदास होऊन चालले आहेत. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालू लागतो, बोलू लागतो. गाव येते, तो पुढे जायला निघतो, तेव्हा दोघे त्याला आग्रह करतात, की आता संध्याकाळ झाली, दिवस कलला, आमच्याकडे राहा. तो राहतो. जेवायला बसल्यावर भाकर मोडताना ते त्याला ओळखतात, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. वाटसरूला दिवेलागणीला थांबवून घेण्याची ही गोष्ट आपल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

लाइटने या प्रसंगातून फक्त एक वाक्य उचलले आणि त्यात एकच बदल केला. मुळातले ‘आमच्याबरोबर’ त्याने ‘माझ्याबरोबर’ केले. अम्माऊसच्या वाटेवर दोघे होते, इथे माणूस एकटा आहे. संध्याकाळही तीच राहिलेली नाही. ती आता आयुष्याची संध्याकाळ आहे. सोबतीला येणारे एकेक गळून गेले, सुखे आटली, सगळे बदलताना दिसते आहे, तेव्हा न बदलणाऱ्या तू तरी जवळ राहा, असा त्याचा आशय आहे. शेवटच्या कडव्यात मिटत्या डोळ्यांपुढे क्रूस धर अशी विनवणी आहे. गीताला आठ कडवी आहेत, पण साधारणपणे पाचच गातात. गळणाऱ्या तीनपैकी एकात कवी आपल्या तरुणपणीच्या बंडखोरीची कबुली देतो. ते कडवे गळाले याचे मला वाईट वाटते. त्या एका कबुलीमुळे बाकीची विनवणी एका विशिष्ट माणसाची होते. ते काढले की ती कोणाचीही होते, आणि समुदायाला गायला बहुधा तेच सोयीचे पडले असावे.

आता चालीकडे येऊ. लाइटने कागद दिला तेव्हा शब्दांबरोबर स्वतः बांधलेली एक चालही दिली होती, असे त्याची मुलगी सांगते. ती चाल टिकली नाही. तिची स्वरलिपी उपलब्ध आहे, कोणी हौशी लोक ती गातातही, पण रुजली नाही ती नाहीच. शब्द कर्त्याचे म्हणून चालही कर्त्याचीच लोकांनी स्वीकारावी, असा काही नियम नसतो. लाइटच्याच दुसऱ्या एका गाजलेल्या गीताचे, ‘प्रेझ, माय सोल’चे, तेच झाले. शब्द १८३४ चे, आणि ज्या चालीने ते राजघराण्याच्या विवाहापर्यंत पोहोचले ती जॉन गॉस या संगीतकाराची १८६९ ची, लाइटच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी आलेली.

‘अबाइड विथ मी’ला चौदा वर्षे थांबावे लागले. १८६१ मध्ये इंग्लंडमध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ नावाचे प्रार्थनागीतांचे पुस्तक निघाले. पुढे घराघरांत आणि साम्राज्यातल्या छावण्याछावण्यांत ते पोहोचले. त्याचा संगीत-संपादक विल्यम हेन्री मंक हा लंडनमधला चर्चचा ऑर्गनवादक होता. लाइटच्या गीताला समितीला पसंत पडेल अशी चाल नव्हती, ती मंकने दिली आणि तिचे नाव ठेवले ‘इव्हनटाइड’, म्हणजे सांजवेळ. ही चाल कशी सुचली याच्याही दोन कथा सांगतात. एकीत मंकने समितीच्या बैठकीनंतर शेजारी पियानोची शिकवणी चालू असताना दहा मिनिटांत ती लिहून काढली. दुसरी त्याच्या पत्नीच्या तोंडची. घरात मोठे दुःख झाले होते, दोघे मावळता सूर्य पाहत उभे होते आणि त्याने पेन्सिल घेऊन ती उतरवली. पहिल्या कथेत कारागीर दिसतो, दुसरीत शोकाकुल माणूस. लोकांना दुसरी आवडते. मला पहिलीचाही मान ठेवावासा वाटतो. दहा मिनिटांत इतके नेटके बांधणे हे तीस वर्षांच्या हातवळणाशिवाय होत नाही.

नेटके म्हणजे काय, ते आपल्या सरगमच्या भाषेत सांगतो. मूळ स्वरलिपी आपल्या पेटीवरच्या काळी दोनमध्ये आहे. चार ओळी, प्रत्येकीत दहा अक्षरे. प्रत्येक ओळ लांब स्वराने उघडते आणि लांब स्वरावर थांबते, म्हणजे गाणाऱ्या जमावाला कुठे श्वास घ्यायचा हे सांगावेच लागत नाही. संपूर्ण चाल मध्य षड्जापासून धैवतापर्यंत फिरते. षड्जाच्या खाली ती उतरत नाही, धैवताच्या वर चढत नाही, निषादाला शिवत नाही. सहा स्वरांच्या अंगणात सगळा खेळ. म्हणून कोळीही ती गाऊ शकतो, वृद्धही, आणि सूर फारसा नसलेलाही.

पहिली ओळ गांधारावर उभी राहून पायऱ्या उतरत षड्जावर येते आणि तिथून एकदम पंचमावर उडी घेते. सबंध चालीतली ही सर्वात मोठी झेप, आणि ती लगेच धैवताला हात लावून पुन्हा गांधारावर येऊन विसावते. दुसरी ओळ सावकाश वर चढते. तिच्या शेवटाशी एकच एक तीव्र मध्यम येतो आणि ओळ पंचमावर थांबते. तो एक स्वर फार मोलाचा आहे. खाली ऑर्गनवर चार पदरी स्वरमेळ चाललेला असतो, आणि त्या तीव्र मध्यमाने क्षणभर सगळे घर पंचमाच्या षड्जावर हलल्यासारखे होते. तिसरी ओळ पहिलीसारखीच सुरू होते, ऐकणाऱ्याला वाटते आता घरी जाणार, पण ती अडते ऋषभावर, अर्ध्या वाक्यावर. चौथी त्याच ऋषभावरून उचलून मध्यमापर्यंत जाते आणि एकेक पायरी खाली येत षड्जावर मिटते. शब्दांत मदत मागणारा माणूस तिसऱ्या ओळीत निराधार होतो आणि चौथीत हाक मारतो. चालीतही तेच घडते.

हे पहिल्या कडव्याबद्दल झाले. पुढच्या कडव्यांत तीच चाल तशीच फिरते आणि प्रत्येक वेळी शब्दांशी इतकी नेमकी जुळत नाही. शिवाय ‘सांजवेळ’ या नावाने आणि पुस्तकातल्या संध्याकाळच्या प्रार्थनांमधल्या जागेने एक वेगळेच वळण दिले. लाइटने आयुष्याच्या अखेरीविषयी लिहिले होते, मंकच्या चालीने लोक ते रोजच्या सूर्यास्तासाठी गाऊ लागले. मरणाची धार थोडी बोथट झाली, पण गीत सगळ्यांच्या तोंडी गेले.

इतरांनीही प्रयत्न केले. सॅम्युअल लिडल याने याच शब्दांवर मैफिलीचे गाणे बांधले आणि क्लारा बट ही त्या काळची मोठी गायिका ते गात असे. अमेरिकेत चार्ल्स आइव्ह्ज या संगीतकाराने तरुणपणी या शब्दांना स्वतःची चाल दिली. या रचना मैफिलीत राहिल्या, जमावाकडे गेल्या नाहीत. उलट १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये थेलोनियस मंक या जॅझ पियानोवादकाने आपल्या ‘मंक्स म्युझिक’ या तबकडीचा आरंभ इव्हनटाइडने केला. नामसाधर्म्याची गंमत उघड आहे. पण त्याने त्यात स्वतःचा पियानो वाजवला नाही. कोलमन हॉकिन्स आणि जॉन कोल्ट्रेनसारखे चार फुंकवादक मिनिटभराच्या आत ती चाल सरळ, अदबीने वाजवून थांबतात. त्या तबकडीवरचे पुढचे सगळे स्वैर संगीत त्या एका मिनिटानंतर ऐकायचे आहे.

शब्दांनिशी हे गीत जिथे गेले त्या जागा मात्र बहुधा मरणाच्या किंवा गर्दीच्या आहेत. पहिल्या महायुद्धात एडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला जर्मनांनी १२ ऑक्टोबर १९१५ रोजी ब्रसेल्समध्ये गोळ्या घातल्या. आदल्या रात्री भेटायला आलेल्या पाद्र्याबरोबर तिने हेच शब्द म्हटले. १९२७ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर कार्डिफ आणि आर्सेनल यांच्यात एफ. ए. कपाचा अंतिम सामना झाला, त्याआधी प्रेक्षकांनी हे गीत गायले, आणि तो रिवाज तिथे पुढे चालू राहिला. लाइटने मोठ्या जाणिवेने लिहिलेले ‘माझ्याबरोबर’ मैदानभर लोक एका सुरात म्हणतात, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

आपल्या देशात हे गीत दोन वाटांनी आले. एक चर्चची वाट. मिशनऱ्यांनी इंग्रजी प्रार्थनागीते मराठीत आणली ती बहुधा मूळ चालींसकट, आणि तिथे पंचाईत झाली. इंग्रजी ओळीला आघाताचे वजन असते, मराठीला ऱ्हस्व-दीर्घाचे. परक्या चालीत बसवताना आपला दीर्घ स्वर आखूड सुरावर चेंगरतो आणि प्रत्ययावर उगाच जोर येतो. इव्हनटाइड पुस्तकात आली त्याच १८६१ साली जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी यावर आपल्यापुरता उपाय काढला. त्यांनी भक्तीचे शब्द ओवी, अभंग, भजनाच्या चालींत लिहिले, आणि ‘उपासना-संगीत’ या मराठी ख्रिस्ती पुस्तकातून ते आजही गायले जातात. माझ्या मते हे भाषांतरापेक्षा मोठे काम होते, कारण त्यांनी आधी चाल आपली घेतली.

दुसरी वाट बँडची आणि आश्रमाची. गांधीजींना काही इंग्रजी प्रार्थनागीते मनापासून आवडत आणि हे त्यांतले एक. साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेच्या गायनाची व्यवस्था पंडित नारायण मोरेश्वर खरे या विष्णु दिगंबरांच्या शिष्याकडे होती. गुजरातेत राहून एका मराठी गवयाने ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली, तीत सर्व धर्मांच्या प्रार्थनांबरोबर इंग्रजी गीतांनाही जागा आहे. इकडे सैन्याच्या बँडांना मंकची चाल इंग्रजी अमदानीपासून पाठ होती. १९५० च्या दशकापासून प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये ती वाजू लागली. सूर्यास्ताला लढाई थांबवून सैन्याने माघारी छावणीत यायचे, ही त्या सोहळ्यामागची जुनी प्रथा. रायसीना टेकडीवर उजेड उतरत असायचा, तटावर उंट स्तब्ध उभे असायचे, पितळी वाद्ये चाल हळू उचलायची आणि दुरून नळीच्या घंटांचे टोल यायचे.

२०२२ साली ती चाल त्या कार्यक्रमातून काढली गेली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’चा समावेश झाला. बराच वाद झाला. एका बाजूने परकेपणाचा मुद्दा आला, दुसऱ्या बाजूने गांधीजींच्या आवडीचा आणि सर्वधर्मसमभावाचा. मी त्या वादात इतकेच सुचवीन, की दोन्ही बाजू लाइटच्या शब्दांविषयी बोलत होत्या आणि विजय चौकात ते शब्द कधी उच्चारले जातच नव्हते. तिथे अनेक दशके मंक वाजत होता. लोकांच्या मनात जे राहिले होते ती सहा स्वरांची चाल होती. तिला लोकांनी आपापले अर्थ दिले होते : कोणी गांधीजींचा, कोणी शहिदांचा, कोणी नुसता हिवाळ्यातल्या संध्याकाळचा.

जागी आलेले गाणेही दोघांचेच आहे. शब्द उज्जैनजवळच्या बडनगरचे कवी प्रदीप यांचे, चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची. योगायोग असा की दोघांचेही खरे नाव रामचंद्र : एक रामचंद्र द्विवेदी, दुसरे रामचंद्र चितळकर. ज्या आवाजाने २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये ते पहिल्यांदा सर्वांसमोर गायले तो आवाज इंदूरला जन्मलेला, मंगेशीच्या दीनानाथांच्या घरातला. २९ जानेवारी २०२२ च्या संध्याकाळी विजय चौकात ते गाणे वाजले तेव्हा लताबाई मुंबईत रुग्णालयात होत्या. पुढे आठ दिवसांनी त्या गेल्या.

त्या संध्याकाळीही बँडच होता आणि गाणारे कोणी नव्हते. फरक एवढाच, की या चालीचे शब्द समोर बसलेल्या बहुतेकांना पाठ होते. उंट तसेच उभे होते. आणि ब्रिक्सहॅमला, लाइटच्या चर्चच्या मनोऱ्यात, मंकची चाल घंटांवर रोज वाजते.